अठरा संगणक, चालू स्थितीत

मंजुषाने ज्या कागदावर सही करण्याचे नाकारले, त्यावर मजकूर फारसा नव्हता. 'सोबतच्या यादीतील अठरा संगणक निकामी असून दुरुस्तीयोग्य नाहीत, सबब त्यांचे निर्लेखन करण्यास हरकत नाही,' एवढे एकच वाक्य, आणि खाली तीन सह्यांच्या जागा: प्रयोगशाळा सहायक, प्राचार्य, संस्थेचे सचिव. निर्लेखन म्हणजे शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीतून वस्तू कायमची वगळणे. मोडकी बाके, फुटकी टाकी, कुजलेले नकाशे असे सगळे या वाटेने जाते, आणि पहिली सही करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

बार्शीटाकळीच्या त्या मुलींच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती पहिली सही मंजुषाची होती. तिने कागद दोनदा वाचला आणि प्राचार्य म्हैसने सरांच्या टेबलावर परत ठेवला.

"सर, चालू मशीनले निकामी कसं लिहू?"

"लिहाचं काम तुमाले कोनं सांगतलं, बाई? लिहिलेलंच हाय. तुमी फक्त सही करा."

"मंग सही करून नाई राहिली मी."

म्हैसने सर भले गृहस्थ. निवृत्तीला चौदा महिने उरलेले, आणि ते महिने कोणाशी वाकडे न येता काढावेत एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी कागद फाइलीत घातला आणि उद्या पाहू म्हणाले. त्या उद्यापासून पुढे जे घडले ते मला काही मंजुषाने, काही म्हैसने सरांनी सांगितले.

मंजुषा आमच्या अंजनगाव सुर्जीची. तिचे घर आमच्याच गल्लीत होते. वडील वामनराव पानपिंपरीचा, म्हणजे औषधी पिंपळीचा, अर्धा एकराचा मळा करत. शेवरी आणि पांगाऱ्याच्या सावलीत चढवलेल्या त्या वेलांपाशी मंजुषा लहानपणी इतकी रमे, की शाळेत जाताना तिच्या हाताला पानांचा हिरवट वास येई. बारावीनंतर ती अमरावतीला आयटीआयमध्ये गेली. ट्रेड कोपा, म्हणजे कॉम्प्युटर चालवण्याचा. मी तेव्हा अमरावतीतच नोकरीला लागलो होतो. राजापेठेजवळच्या तिच्या खोलीवर घरचा डबा पोहोचवण्याचे काम अधूनमधून माझ्याकडे येई. त्या वेळची तिची एकच तक्रार आठवते. निदेशकांना 'काहून', म्हणजे 'का', विचारले की ते म्हणत, हे बटण दाबायचे, परीक्षेत हेच येते. ती त्यांना चांगले शिक्षकच मानत असे. फक्त ज्या यंत्रापुढे आपण बसलो आहोत त्याच्या आत पाहण्याची मुभा निदेशकांनासुद्धा नाही, हे तिला विचित्र वाटे.

लग्न होऊन ती अकोल्याला गेली आणि २०१४ साली बार्शीटाकळीला मानधनावर लागली. रोज सकाळची बस, संध्याकाळची बस. प्रयोगशाळेत अठरा संगणक होते, आणि त्या अठरांवर एका मोठ्या कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम होती, अकोल्याच्या कुठल्याशा दुकानदाराने एकाच सीडीवरून टाकून दिलेली. त्या सिस्टिमचे पैसे कंपनीला कधी गेलेच नव्हते. मधूनच पडदा काळा होई आणि कोपऱ्यात 'ही प्रत अस्सल नाही' अशी सूचना येई. मुली ती सूचना येताच माउस हलवून घालवत. व्हायरस तर पेनड्राइव्हगणिक येत. दुकानदाराला फोन केला की तो पुन्हा तीच सीडी घेऊन येई.

सहा वर्षे असे चालले. मग २०२० साली शाळा बंद पडली. पुढे कर्मचाऱ्यांपुरती परवानगी मिळाली तेव्हा मंजुषा रिकाम्या प्रयोगशाळेत एकटी बसू लागली. शेवटच्या रांगेतल्या एका संगणकावर तिने लिनक्स टाकून पाहिले. ही सिस्टिम कोणा एकाची नाही. जगभरच्या हजारो माणसांनी ती लिहिली, आणि तिचा आतला सगळा मजकूर कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो. पुस्तकात ही व्याख्या तिने आधीच वाचली होती. तिचा अर्थ तिला कळला तो विजेमुळे.

बार्शीटाकळीत वीज केव्हाही जाते. वीज जाऊन आली की लिनक्स टाकलेला तो संगणक सुरू होताना थांबे, इंग्रजीत एक लांबलचक प्रश्न विचारे आणि उत्तराची वाट पाहत बसे. जुन्या सिस्टिमवर काही अडले की दुकानदाराला बोलवण्यापलीकडे उपाय नसे. येथे मंजुषाने तो प्रश्न जसाच्या तसा इंटरनेटवर लिहिला. दुसऱ्या दिवशी कुण्या परक्या देशातल्या माणसाने उत्तर दिले, की अमुक फाइल उघडा, त्यात एक ओळ आहे, तिच्यात 'नाही'च्या जागी 'होय' करा. तिने फाइल उघडली. ओळ तेथे होती. मला फोनवर ती म्हणाली, "भाऊ, मी मशीनले काहून म्हटलं, अन् मशीननं सांगतलं." त्यानंतरच्या दोन महिन्यांत तिने उरलेल्या सतराही संगणकांवर लिनक्स टाकले. पुढे त्या सिस्टिमच्या मराठी भाषांतरातले काही शब्द तिला परके वाटले. तिने सुधारून पाठवले आणि त्यांपैकी बारा स्वीकारले गेले. मराठीतून ती सिस्टिम वापरणारा माणूस कुठेही असो, मंजुषाचे बारा शब्द त्याच्यापुढे असतात. ही गोष्ट तिने स्वतःहून कोणाला सांगितली नाही.

एक चूक मात्र तिच्या हातून झाली. तेव्हाचे प्राचार्य तोंडी 'करून टाका, बाई' म्हणाले, आणि तिने करून टाकले. आमच्या वऱ्हाडात तोंडी परवानगी हीच परवानगी. कागद मागणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे. ते प्राचार्य निवृत्त होऊन गेले. जडसंग्रह नोंदवहीत त्या अठरा संगणकांसमोर अजूनही जुनीच सिस्टिम लिहिलेली राहिली.

तेथूनच हा कागद आला. संस्थेच्या सात शाळा आहेत. गेल्या वर्षी त्या मोठ्या कंपनीने आपल्या जुन्या आवृत्तीची दुरुस्ती यापुढे करणार नाही असे जाहीर केले, आणि अकोल्याच्या एका पुरवठादाराने संस्थेपुढे योजना ठेवली. प्रत्येक शाळेला सहा नवे संगणक, त्यांवर कंपनीची नवी, अस्सल सिस्टिम. देखभाल पुरवठादाराची. संगणकात काही बदलायचे झाले तर लागणारा पासवर्डही त्याच्याच कार्यालयात. जुने संगणक तो घेऊन जाणार. संस्थेचे सचिव मनोजराव यांनी परिपत्रक काढले: नोंदवहीप्रमाणे जुनी आवृत्ती असलेले सर्व संगणक निकामी समजण्यात यावेत. सहा शाळांमधून सह्या होऊन कागद परत गेले. सातवा म्हैसने सरांच्या फाइलीत होता.

अकरावीच्या वर्गात चव्वेचाळीस मुली. अठरा संगणकांवर प्रत्येकीला आठवड्यातून तीनदा हात लावायला मिळे. सहांवर आठवड्यातून एकदाच मिळाले असते. बहुतेकींच्या घरी संगणक नव्हता. जे काही शिकायचे ते याच खोलीत.

म्हैसने सरांनी तिला समजावण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. बँक असो, दवाखाना असो, सगळीकडे कंपनीचीच सिस्टिम असते. पोरींना उद्या नोकरीत तेच विचारतील. मंजुषाला हे ऐकताना बोचले, कारण त्याचा दाखला तिच्याकडेच होता. आचल नावाची तिची हुशार विद्यार्थिनी अमरावतीला एका दवाखान्यात मुलाखतीला गेली होती. समोरच्या पडद्यावर छपाईचे बटण कुठे आहे ते तिला वेळेत सापडले नाही, आणि तिच्यामागच्या मुलीला नोकरी मिळाली. आचलने फोन करून मंजुषाला सरळ ऐकवले होते, की मॅडम, तुमच्या तत्त्वापायी माझी फजिती झाली.

तिने त्यावर काय केले ते म्हैसने सरांना ठाऊक नव्हते. स्वतःच्या घरचा, रीतसर विकत घेतलेल्या सिस्टिमचा लॅपटॉप ती आठवड्यातून एकदा पाठीवरच्या बॅगेत घालून आणू लागली आणि प्रत्येक मुलीला त्यावर बसवू लागली. कंपनीच्या सिस्टिमशी तिचे वैर नव्हते. ती शिकावी, वापरावी, पैसे देऊन घ्यावी, याला तिची हरकत नव्हती. तिचा विरोध एवढ्याच गोष्टीला होता, की चालू वस्तूला निकामी म्हणायचे आणि त्या बदल्यात अशी वस्तू घ्यायची जिची किल्ली अकोल्याला राहील.

म्हैसने सरांशी झालेल्या या बोलण्यातच तिने वडिलांच्या मळ्याची गोष्ट काढली. पानपिंपरी बियाने लावत नाहीत. वेलाचे तुकडे लावतात. त्याला बेणे म्हणतात. वामनरावांचा नियम होता की बेणे मागायला आलेल्याला नाही म्हणायचे नाही, आणि नुसते द्यायचेही नाही. कुठल्या पेरावर कापायचे, किती खोल लावायचे, हे बांधावर बसवून दाखवायचे. मंजुषाच्या आईला हे पटत नसे. शेजारच्याला आपलीच विद्या शिकवली तर बाजारात तो आपल्याशेजारी बसेल, असे ती म्हणे, आणि तसे होईही. मंजुषा नववीत असताना मूळकुज आली आणि वामनरावांचा मळा पंधरा दिवसांत बसला. एक वेल उरला नाही. तेव्हा पथ्रोटकडच्या एका माणसाने बेणे आणून टाकले. त्याने कधीकाळी वामनरावांकडूनच ते नेले होते. वामनरावांना त्याचे नावही आठवत नव्हते.

"बाबानं ते बेणं कुलपात ठेवलं असतं, सर, तं कुलपातच सडलं असतं," मंजुषा म्हणाली. "वाटलं म्हणून वाचलं."

म्हैसने सरांनी चष्मा पुसला. ते स्वतः शेतकऱ्याच्या घरचे. पण मग अकोल्याहून फोन आला. मनोजरावांनी निरोप दिला की सोमवारी आपण स्वतः येतो, पुरवठादाराचा माणूस सोबत असेल, आणि सही तेथेच होईल.

सोमवारी अकराच्या तासाला ते आले. मंजुषाने अठराही संगणक आधीच सुरू केले होते आणि त्यांच्यापुढे मुली कामाला बसवल्या होत्या. मनोजराव दारात थबकले.

"हे सारे बंद करा आधी. पाहणी हाय."

"बंद मशीनची काय पाहणी करता, साहेब? बंद तं चांगलं मशीनबी निकामीच दिसते."

कुणी मुलगी हसली. मनोजरावांनी तिकडे पाहिले, तेव्हा अठरा पडद्यांमागे अठरा चेहरे गंभीर झाले.

पुरवठादाराचा माणूस अमोल नावाचा तिशीतला तरुण होता, आणि त्याला त्याचा विषय येत होता. त्याने दोन-तीन संगणक पाहिले आणि सभ्यपणे विचारले, "मॅडम, तुमच्या या सिस्टिमला मालकच नाही. उद्या काही बिघडलं तर दार कोणाचं ठोठावणार?"

"त्या कंपनीचं दार मी सहा वर्षं ठोठावलं. आतून कोनी बोललं नाई."

"ती चोरीची कॉपी होती, मॅडम. चोरीच्या मालाची तक्रार कोण ऐकेल?"

मंजुषा यावर मोकळेपणी हसली. "हे खरं बोलले तुमी," ती म्हणाली. "शाळेनं चोरीचा माल वापरला अन् पोरींनी त्याच्यावर परीक्षा देल्या. मी ते बंद केलं. तुमच्या कागदात ते कुठंच नाई."

मनोजरावांना हा वाद नको होता. ते व्यवहारी माणूस, आणि त्यांनी नेमके दुखरे ठिकाण पकडले. नोंदवहीत काही नाही, परवानगीचा कागद नाही. हे सगळे एका मानधनावरच्या बाईने आपल्या मनाने केले, आणि तिलाच ते कळते.

"तुमी उद्या गेल्या, तं हे कोन चालवन? कंपनीची किल्ली अकोल्यात राहील म्हणता. ह्याची किल्ली कुठं हाय? तुमच्या डोक्यातच ना?"

मंजुषाने नंतर मला सांगितले, की या प्रश्नाची भीती तिला स्वतःलाही अनेक वर्षे वाटत होती. आपणही एक कुलूपच तर होऊन बसलो नाही ना, अशी.

"मशीन तुमी निवडा, साहेब," ती म्हणाली. "पोरगीबी तुमीच निवडा. पुसाले सांगा अन् पुन्हा बसवाले सांगा. मी बाहेर जाऊन बसतो."

आणि ती खरोखरच बाहेर गेली. व्हरांड्याच्या टोकाला, जिथून प्रयोगशाळेचे दार दिसते पण आतले दिसत नाही, तेथल्या बाकावर बसली.

आतली हकीकत तेथेच असलेल्या म्हैसने सरांची. मनोजरावांनी शेवटच्या रांगेतला, दिसायला सगळ्यात जुना संगणक दाखवला आणि समोर जी मुलगी होती तिला उभे केले. तिचे नाव दामिनी, वडील भाजी विकणारे. तिने कपाटातून लिनक्सचा पेनड्राइव्ह काढला, लावला, आणि तीन-चार बटणे दाबून संगणकात होते नव्हते ते सगळे पुसून टाकले. पडदा काळा झाला तसे मनोजराव खुर्चीतून उठले.

"अवं, काय केलं हे?"

"साहेब, जुनं पुसल्याबिगर नवं कसं बसन?" दामिनी म्हणाली.

काम अर्ध्यावर असताना संगणक अडला. पडद्यावर एक ओळ आली आणि तेथेच थांबली. म्हैसने सर म्हणतात की त्या क्षणी मंजुषाची नोकरी त्यांना गेल्यासारखीच वाटली. त्यांची नजर दाराकडे गेली. मुलींची मात्र कोणाचीच गेली नाही. दामिनीने ती ओळ मोठ्याने वाचली, बाजूच्या दोघी उठून आल्या, तिघींमध्ये थोडी भांडाभांडी झाली. एकीचे म्हणणे पेनड्राइव्ह खराब आहे, दुसरीचे म्हणणे रॅम हलली आहे. मग त्यांनी वायर काढली, डबा उघडला, आतली रॅमची पट्टी बाहेर काढून तिचे टोक कंपासपेटीतल्या खोडरबराने घासले, फुंकर मारली आणि परत बसवली. या वेळी काम पुढे सरकले. वाट पाहता पाहता चहा आला, थंड झाला. पाऊण तासाने पडद्यावर मराठीतून स्वागताचा मजकूर आला. दामिनीने हात ओढणीला पुसले आणि जाऊन आपल्या जागेवर बसली.

अमोलने संगणकापाशी जाऊन दोन-तीन गोष्टी तपासल्या आणि बरोबर केले आहे एवढेच सांगितले.

मनोजरावांनी कागद काढून म्हैसने सरांपुढे ठेवला. सहायकाची सही नसली तरी चालेल, प्राचार्यांची पुरे, असे ते म्हणाले. म्हैसने सरांनी खिशातला पेन काढला. टोपण उघडले. मग ते पुन्हा लावले.

"आता मलेबी सही करता येत नाई, भाऊ," ते म्हणाले. "सकाळपर्यंत येत होती. आता मी माह्या डोयानं पाह्यलं."

मंजुषाला बोलावण्यात आले. तिने कागद मागून घेतला आणि सहायकाच्या रकान्यात, जिथे सही हवी होती तिथे, स्वच्छ अक्षरात लिहिले: 'यादीतील सर्व अठरा संगणक चालू स्थितीत आहेत. सचिव व प्राचार्यांसमोर तपासणी झाली.' त्याखाली सही केली, तारीख घातली. कागद घडी न करता मनोजरावांच्या हाती दिला. त्यांनी तो वाचला आणि बॅगेत घातला.

बार्शीटाकळीचे संगणक कोणी नेले नाहीत. मंजुषाला मात्र पंधरा दिवसांत आदेश आला: संस्थेच्या अकोला कार्यालयात आवक-जावक विभागात हजर व्हावे. मानधन तेच, काम टपालाची नोंद. घराजवळ आली म्हणून सासरच्यांना बरे वाटले. तिने आदेश घेतला, पोच दिली, आणि जाण्यापूर्वी नोंदवहीत त्या अठरा संगणकांसमोर आताची सिस्टिम कोणती, कधी टाकली आणि कशी टाकायची, हे सविस्तर लिहून म्हैसने सरांची सही घेतली. या वेळी कागद तिने मागितला.

प्रयोगशाळेला नवा माणूस मिळालेला नाही. चार दिवस खोली बंद होती. मग अकरावीच्या मुली प्राचार्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, आणि म्हैसने सरांनी किल्ली दिली. पहिल्या महिन्यात मंजुषाला त्यांचे रोज फोन येत. हे कसे करायचे, ते का होत नाही. टपालाच्या ढिगाशी बसून ती उत्तरे देई. दुसऱ्या महिन्यात दोन-तीन आले.

परवा मी अकोल्याला गेलो होतो, तेव्हा तिला विचारले की आता फोन येतात का. नाही, ती म्हणाली. खोली रोज उघडते, पण गेल्या तीन आठवड्यांत एकही नाही. मग तिने समोरच्या लिफाफ्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारला आणि पुढचा उचलला.